हळदीचं लाल पाणी

हळद शिजल्याचा वास आला की मला बारावीनंतरचे ते दिवस आठवतात. सांगलीजवळच्या आमच्या गावात, अंगणात हळदीची कढई उकळत असताना मी शेजारीच बसून विज्ञानाचे व्हिडिओ करायचे. आई मोबाईल धरायची आणि मी हळदीच्या पाण्यात साबण कालवून सांगायचे, "बघा गं पोरींनो, पाणी कसं लालभडक झालं! साबण आम्लारी हाय म्हणून." आजूबाजूच्या गावांतल्या शाळकरी मुली ते आवडीनं बघायच्या. पुढं शिकायला मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होते, त्यात अशा कामाची लिंक देता येणार होती. पण कॉलेजातले सर म्हणाले, "हे गावठी व्हिडिओ आधी काढून टाक. समितीतली माणसं हसतील. दोन-चार इंग्रजीत कर, मागं पुस्तकांचं कपाट दिसू दे." आई घाबरली. "सर म्हणत्यात तर काढ की गं," म्हणाली. "न्हाई काढणार," मी म्हणाले, "आणि कपाट आपल्याकडं हाय कुठं?" त्याच संध्याकाळी मी आणखी ठसक्यात बोलून नवा व्हिडिओ टाकला आणि अर्जात त्याचीच लिंक दिली. साताऱ्याला मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी विचारलंच, "तुला शुद्ध बोलता येत नाही का?" मी म्हणाले, "येतं की, मॅडम. पण बघणाऱ्या पोरींना विज्ञान कळायला हवं, माझी शुद्ध भाषा नव्हे." कुणीच हसलं नाही. शिष्यवृत्ती मिळाली. आता मी पुण्यात रसायनशास्त्र शिकते. परवा खोलीतल्या मैत्रिणीनं विचारलं, "व्हिडिओत अजून तशीच बोलतेस?" मी म्हणाले, "व्हय, आणि तशीच बोलणार."