बारक्या, वर ये

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मायक्रोमीटरवर दिसतं तेवढंच खरं मानणारा माणूस. असले अनुभव वाचून हसायचो... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय.

माझा थोरला भाऊ, अण्णा. आम्ही मूळचे चऱ्होलीचे. वर्षभर त्याला जिना चढताना धाप लागायची, श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायची. सगळ्यांनी दमाच धरला. पंप चालू होता, गुण नव्हता. मग खोकल्यातून रक्त पडलं. सीटी स्कॅन झालं, दुर्बीण घालून पाहिलं — श्वासनलिकेत गाठ. कॅन्सरची. इतकी पसरलेली की कापून काढता येईना. श्वास चालावा म्हणून गाठीच्या खाली, गळ्याला भोक पाडून नळी बसवली. पुढे रेडिएशन ठरलं. नळी बसली आणि अण्णाचा आवाज बंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांच्या रांगेत होतो. अण्णा चौथ्या मजल्यावर. मागून हाक आली — "बारक्या, वर ये!"

अण्णाचाच आवाज. आजारापूर्वीचा, खणखणीत. भास असणार म्हणून मी मान झटकली. तेवढ्यात रांगेतल्या एक अनोळखी आजी वळल्या. "बारक्या तुमीच का? अवो, जावा की! कवाधरनं कोण हाका मारतंय."

मला त्या नावानं अण्णाशिवाय कुणीच हाक मारत नाही.

जिन्यानंच पळालो. अण्णा काळानिळा पडलेला, बेल खाटेखाली लोंबकळत होती. मी ओरडलो. सिस्टर धावत आल्या, नळीच्या आतली नळी उपसली — चिकट कफाचा बोळा अडकला होता. सक्शन केलं, तेव्हा कुठे त्याची छाती हलली.

संध्याकाळी त्यानं वहीत लिहिलं, 'तुला हाका मारत हुतो. तोंडातनं हवाच निघंना.'

डॉक्टर म्हणाले, "या नळीत आवाज फुटणं शक्यच नाही. तुम्ही थकलाय." असेन. पण आजींना दुसऱ्या दिवशी गाठून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "व्हय, जिन्याकडनं आला की आवाज." त्यांनी काय ऐकलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

रेडिएशन पूर्ण झालं, गाठ मात्र हटली नाही. पाच महिन्यांनी अण्णा घरीच वारला. मी उशाशी होतो. त्याचे ओठ दोनदा हलले. मी कान अगदी जवळ नेला...

काहीच ऐकू आलं नाही.