कुंकवाखालचा हिरवा ठिपका

पन्नाशीला आल्यावर बायका गुडघे तपासून घेतात, जुने दागिने मोडून नवे करतात, फार तर केस कापतात. मला टॅटू काढावासा वाटला. मनगटाच्या आतल्या बाजूला चाफ्याचं एक फूल, नाण्याएवढं. का, ते विचारू नका. घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय आणि एकालाही मला धड उत्तर देता आलेलं नाही. भोपाळजवळच्या मिसरोदच्या शाळेत मी गणित शिकवते. अवधपुरीतल्या घरी परत येताना एकदा बसमध्ये स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. या हातानं आयुष्यभर शाळेतले फळे भरले, पोळ्या लाटल्या, पेपर तपासले, आणि निव्वळ हौस म्हणून त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, असं मनात आलं. ते मग जाईना.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. तो इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याच्या वडिलांसारखाच. त्याला जगात सगळीकडे फक्त देखभाल-दुरुस्ती दिसते.

"पुढं कातडी सैल पडली की फूल कोमेजणार. मग काय करशील?"

"तुझ्या टकलावर मी काही बोलते का?" मी म्हटलं. तो विषय तिथं संपला.

मुलगी इंदूरला शिकते. तिच्या एका कानाला किती भोकं आहेत ते मी मोजणं सोडून दिलंय. तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तिनं डोक्याला हात लावला. "मम्मी, प्लीज! ये सब मेरी एज में होता है. माझ्या फ्रेंड्सनी बघितलं तर?" शाळेतल्या एका मॅडमना काळजी पडली की पालकसभेत काय इम्प्रेशन पडेल. समोरच्या काकूंनी तर आवाज खाली आणून सांगितलं की टॅटू असला की सरकारी नोकरी मिळत नाही. पन्नासाव्या वर्षी मला कुठली सरकारी नोकरी लागणार होती, देव जाणे.

या सगळ्यांना मी उडवून लावलं असतं. माझं तोंड तसं चालतं. पण एका माणसाच्या होकाराशिवाय मला ते फूल नको होतं, आणि ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आईच म्हणते मी त्यांना. पुण्याहून लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा मला हिंदीत दूधवाल्याशी भांडताही येत नव्हतं. ते मला आईंनी शिकवलं. त्या स्वतः वर्ध्याकडच्या खेड्यातून सासऱ्यांच्या नोकरीमागून इथे आलेल्या, त्यामुळे परक्या गावात नव्यानं येणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं रोज सकाळी आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानंच चहा पितो आणि एकमेकींच्या खोड्या काढतो. त्यांच्या नजरेसमोर जो हात रोज कप धरणार, त्यावर त्यांना न आवडणारं काही असावं, हे मला जमणारं नव्हतं.

आणि या बाबतीत आईंचा अधिकारही होता. त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध हिरवा ठिपका आहे. गोंदलेला. पूर्वी खेड्यापाड्यांत गोंदणाऱ्या बायका यायच्या, सुयांची जुडी आणि काजळ घेऊन, आणि घराघरांतल्या पोरींना गोंदून जायच्या. आईंना कळायला लागायच्या आतच त्यांचं कपाळ गोंदून झालं होतं.

खरं सांगायचं तर लग्नानंतर पुष्कळ महिने मला त्या ठिपक्याचा पत्ताच नव्हता. आई कुंकू लावायच्या ते चांगलं ठसठशीत, त्याखाली तो पार झाकून जायचा. एकदा अंघोळीहून त्या तशाच बाहेर आल्या तेव्हा मला तो दिसला. "वा, किती छान!" मी म्हटलं. त्या एकदम पाठ फिरवून आरशाकडे गेल्या. का, ते मला पुढं कळलं. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये नव्यानं राहायला आल्या तेव्हा तिथल्या साहेबांच्या बायका त्या ठिपक्याकडे बघून आपसात हसायच्या, देहाती म्हणायच्या. आईंनी तो चुना लावून काढायचाही प्रयत्न केला होता. कातडी सोलली, ठिपका तिथंच. तेव्हापासून कुंकवाचा आकार वाढला.

तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. त्या दिवशी कुणा नातेवाईक बाईनं ओल्या फडक्यानं आईंचं कुंकू पुसलं. मी मध्ये पडले होते, आईंनीच मला डोळ्यांनी गप्प केलं. त्या बाईनं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की खालचं काही पुसलं जाणारं नाही. चाळीस-पन्नास वर्षं झाकलेला ठिपका असा सगळ्यांसमोर उघडा पडला. नवरा गेल्याच्या दुःखात ही एक वेगळी लाज आईंच्या वाट्याला आली. पुढं त्या त्यावर पावडर लावू लागल्या. दारावर कुणी आलं की पदर कपाळावर ओढू लागल्या. मी म्हणायचे, "लावा ना टिकली, कुणाची भीती आहे?" तर म्हणायच्या, "मले नको वं बाई. लोक काय म्हनतीन?"

तर अशा बाईला मी विचारायला गेले होते की टॅटू काढू का. त्या आरशासमोर पावडरच लावत होत्या. मी मोबाइलवरचं चाफ्याचं फूल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून निरखून बघितलं.

"चांगलं हाय. पन नको काढू."

"का?"

"पुसता येत नाही ना वं मंग."

त्यांनी हे काही रागानं म्हटलं नव्हतं. विषय बंद करावा तसा त्यांनी पावडरचा डबा बंद केला आणि देवघरात गेल्या. मी मोबाइल खिशात ठेवला. मला फुलाचं वाईट वाटलं नाही. आईंना स्वतःच्या कपाळाचा इतका जाच होतोय, याचं मला फार वाईट वाटलं, आणि राग आला तो त्या क्वार्टर्समधल्या बायकांचा, ज्यांची मी तोंडंही पाहिली नव्हती. राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी स्वच्छ भांडीही घासली.

मग संक्रांत आली. दर वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. अवधपुरी आणि आसपासच्या मराठी बायका येतात, निम्म्या हिंदीत गप्पा मारतात, आणि वाणाला काय दिलं यावरून कुणाचं कसं चाललंय त्याचा अंदाज घेतात. यंदा मी चहाची गाळणी दिली. सासरे गेल्यापासून आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. तिळाचे लाडू वळत बसतात. भोपाळला जानेवारीत कडाक्याची थंडी असते, म्हणून नातीनं आणलेला हिरवा स्वेटर त्यांनी घातला होता, आणि कामाच्या गडबडीत पावडर लावायची राहून गेली होती.

कॉलनीत नागपूरहून लग्न होऊन आलेली एक नवी मुलगी आली होती. गोड पोरगी, कुठलंही काम हातातून ओढून घेणारी. मी बाहेर गाळण्या वाटत होते, तर ती म्हणाली, "काकू, द्या इकडे, मी लावते हळदीकुंकू." तिनं बाहेरच्या सगळ्यांना लावलं आणि करंडा घेऊन आत गेली. तिच्या मागोमाग मी आणि समोरच्या काकू लाडूंचं ताट आणायला आत गेलो. बघतो तर तिचं बोट आईंच्या कपाळावर.

"अगं अगं अगं!" काकू ओरडल्या. "काय केलंस हे? त्यांना लावायचं नसतं!"

पोरगी पांढरीफटक पडली. शहरात वाढलेली, तिनं जन्मात गोंदण पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, हिरव्या स्वेटरवर मॅचिंग टिकली लावलीय," ती कशीबशी म्हणाली. "टिकली आहे म्हणजे चालतं, असं वाटलं. सॉरी आजी, मी पुसते, लगेच पुसते." आणि तिनं खरंच रुमाल काढला.

आईंचे दोन्ही हात तिळगुळानं चिकट झाले होते. त्यांनी कोपरानं तिचा हात बाजूला केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "कोनी हात लावू नका."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोलले. म्हटलं, "काकू, तुम्ही लाडूंचं ताट घ्या." आईंनी त्या पोरीच्या तोंडात एक लाडू कोंबला, कारण ती रडायच्या बेतात होती, आणि पुढचा लाडू वळायला घेतला. बाहेर बायका होत्या तोवर आई आतच बसल्या, पण पदर त्यांनी पुढं ओढला नाही. बाहेर मग कुणाला किती गाळण्या दिल्या, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या कपाळावर हिरवा ठिपका होता. पावडर नव्हती.

"तुह्या त्या फुलाचं दुकान कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"होशंगाबाद रोडवर. का?"

"मले घेऊन चाल."

मला वाटलं, काढून टाकायचा असेल. कालचं फार लागलं असणार. लेझरनं काढतात असं मी ऐकलं होतं, आणि तसं त्यांना हवं असेल तर मी कोण नाही म्हणणारी? रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. दुकानात एक मुलगी होती, दोन्ही हात खांद्यापर्यंत पानाफुलांनी भरलेले. आईंनी तिचे हात उलटेपालटे करून बघितले, जणू बाजारात वांगी बघतायत.

"बहुत दुखा होगा बेटा?"

"शुरू में आंटी. फिर आदत हो जाती है."

तिनं आईंना शुगर आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं नीट विचारलं. मग भिंग लावून कपाळ बघितलं. "ये पुराना गोदना है. आंटी, ये लेझर से हल्का हो जाएगा, दो-चार बार आना पड़ेगा."

"हल्का नहीं करना," आई म्हणाल्या. "गहरा करना है."

त्या मुलीनं भिंग खाली ठेवलं. "अंकल के लिए बनवाया था क्या?" तिनं हळूच विचारलं.

आई चक्क हसल्या. "अरे नहीं. ये तो शादी के बहुत पहले का है. मेरी माँ ने बनवाया था. अंकल तो बाद में आए." मग माझ्याकडे वळून, आपल्या बोलीत म्हणाल्या, "मले त्या दिवशी लाडू वळता वळता सुचलं पाय. कुंकू त्याईच्या नावाचं व्हतं, ते गेलं त्याईच्यासंगं. हे तं माह्या मायनं देल्लं. हे त्याईचं नव्हतंच कधी. मंग मी काऊन झाकू?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. ज्या ठिपक्याला त्यांनी चुना लावला, कुंकवानं झाकलं, पावडरनं झाकलं, तो सगळ्या आयुष्यात त्यांचा एकटीचा होता, आणि हे त्यांना पंचाहत्तरीत कळलं होतं.

मशीन घरघरलं. आईंनी डोळे मिटले. मुलीनं आरसा धरला. ठिपका भोवती लालसर झाला होता, पण मधे नवा, गडद हिरवा. आईंनी मान डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं.

"झ्याक," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या. "आता तू बस."

"पण तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"म्हनलं व्हतं. आता नाही म्हनत."

"म्हणजे काढू?"

"मले काऊन इचारतं?" त्या एकदम डाफरल्या. "मले कोनी इचारलं नव्हतं, बाई. चार जनींनी हातपाय धरले व्हते माहे. तुह्ये कोनी धरले काय? तुले पाह्यजे तं काढ, नसन पाह्यजे तं चाल घरी, मले वरन लावाचं हाय."

इतके महिने मी सगळ्या जगाला उत्तरं देत फिरले होते, आणि हा एवढा साधा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. पाहिजे का? पाहिजे होतं. अजूनही पाहिजे होतं. मी खुर्चीत बसले आणि मनगट पुढं केलं. मुलीनं चाफा उमटवून घेतला आणि सुई लावली. पहिल्याच टोचण्याला मी अशी कळवळले की ती थांबली.

आईंनी स्टूल ओढलं, माझा दुसरा हात त्यांच्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाल्या, "हालू नको. हाललं का रेघ वाकडी येते. माय सांगे."