आदेशची पोतडी

कुरखेड्यात हॅस्केल नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा एकच माणूस आहे, आणि तो बेकार आहे. आदेश. घरी रेंज मिळत नाही म्हणून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर बसतो.

त्याचे वडील मनसारामभाऊ तलावात मासे धरायचे. त्यांच्या घरात जाळं विकत आणत नाहीत, ज्याचं त्यानं विणायचं. आदेशनंही तेच केलं. रोज लागणारी बारीकसारीक फंक्शन्स, म्हणजे कोडचे छोटे तुकडे, त्यानं कॉलेजपासून स्वतः लिहून एका लायब्ररीत जमवली. तिचं नाव 'पोतडी'. नवा प्रोग्रॅम सुरू केला की पहिली ओळ पोतडी आणायची. तयार लायब्ररी फुकट मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असं विचारलं की म्हणायचा, "दुसऱ्याचं मले हाताले नाई बसत, भाऊ." मला कौतुक वाटायचं आणि डोकंही फिरायचं.

यंदा पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. हॅस्केलवाला मागणारी जाहिरात कधीतरीच निघते, त्यात काम घरी बसून. इकडे मनसारामभाऊंचे गुडघे गेलेले. ही नोकरी हुकली तर आदेशनं तलावावर जायचं, असं बापलेकांत ठरलं होतं.

मुलाखत माझ्याच दुकानात, ऑनलाइन झाली. गिऱ्हाईक नको म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं. पलीकडच्या बाईंनी काम सोपंच दिलं, पण लिहायचं होतं कंपनीच्या वेबसाइटवरच्या पानावर. तिथे पोतडी नव्हती. आदेशनं भराभर लिहून चालवलं, तर लाल अक्षरं आली, असं फंक्शनच नाही. दुसरं लिहिलं, तेही नाही. भाषेचं कोणतं आणि आपलं कोणतं, हे तो केव्हाच विसरून गेला होता. बाई म्हणाल्या, "घाई नाही, वेळ घ्या." त्यानं वेळ घेतला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मला ते बघवेना.

नकार आला. मी म्हटलं, "दुसरीकडे अर्ज टाक."

"कुठी?" तो म्हणाला.

आता सकाळी तो वडिलांचं जाळं घेऊन तलावावर जातो. बहुतेक रिकामाच परत येतो. दुपारी मात्र दुकानात बसून पोतडी उघडतो, एकेक फंक्शन दुरुस्त करत राहतो. परवा मी चिडलोच. "आता काऊन करून राह्यला बे? वापरणार कोण हे?"

"कोनीच नाई," तो म्हणाला. "पर फाटकं ठेवता नाई येत ना, भाऊ."