निगेटिव्ह एरिया

"कारण सांगा," म्हणून ती दोन्ही हात कमरेवर ठेवायची आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलायची नाही. कँटीनवाल्यानं पोहे संपले म्हटलं तरी कारण सांगा. शिफ्टच्या बसमध्ये ड्रायव्हरनं पुढच्या सीटवर बसू नका म्हटलं तरी, "भिया, कारण बताओ." तो बिचारा हात जोडायचा, "मैडम, आप तो बैठ ही जाओ."

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांच्याबरोबर असताना आपल्याला जरा अवघडल्यासारखं होतं, आणि नंतर घरी येऊन आपण तेच किस्से हौसेनं सांगतो.

ती आणि मी, आम्ही दोघी धारहून पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात कामाला जायचो. हुद्दा एक, पगार एक. तिचे वडील भंडाऱ्याहून इकडे मध्य प्रदेशात नोकरीला आलेले. माझं घराणं धारचं जुनं. "तुम्ही बोलायला लागलात की पोथी उघडल्यासारखं वाटतं, ताई," असं म्हणून ती हसायची.

घरासाठी कर्ज हवं म्हणून दोघींनी बरोबरच एका बँकेत अर्ज केला. माझं मंजूर झालं. तिचं नाही.

साहेब गोड बोलला. "मैडम, आपकी प्रोफाइल बढ़िया है. एरिया निगेटिव्ह है."

"निगेटिव्ह मतलब? कारण बताइए."

"सिस्टम में ऐसा ही आता है."

जागा तिच्या वडिलांनी हयातीत घेतलेली होती, कागद चोख होते. वस्ती मात्र बौद्धांची आणि मुसलमानांची. एवढंच होतं ते कारण, आणि ते तोंडानं म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

तिनं भांडून जागेची पाहणी करायला लावली. बँकेचा माणूस आला त्या दिवशी मी तिथंच होते. तिच्या आईनं ठेवणीतले कप काढले होते. तो गाडीतून उतरलाच नाही. खिडकीतूनच फोटो काढला. तिनं काचेवर टकटक केलं. "उतरिए ना. चाय बनी है."

"टाइम नहीं है, मैडम." गाडी वळली.

"कोण आलं होतं गं?" आतून आईनं विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मग बँकेनंच सुचवलं, चांगल्या कॉलनीत प्लॉट बघा, कर्ज लगेच देतो. तिनं माझ्याच कॉलनीत प्लॉट पाहिला. मालक खूश होता. आडनाव कळेपर्यंत. मग त्याच्या भावाला अचानक तोच प्लॉट हवा झाला. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, मराठीच, मला समजवायला आले. "आमच्या मनात तसं काही नाही हो. पण इथं सगळे एका वळणाचे लोक आहेत."

कॉलनीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. "बँक म्हणते इथं घर घ्या, तुम्ही म्हणता तिथंच राहा. तिनं जायचं कुठं?"

"ताई, तुम्ही उगाच तापता," कोणीतरी म्हणालं.

हो, तापते. आजही तापते. एकानंही तिला शिवी दिली नाही. दिली असती तर पोलिसांत तरी जाता आलं असतं. सगळे 'जी, जी' करत होते, खुर्ची पुढे करत होते, आणि दार लावून घेत होते. बँकेच्या वरच्या कार्यालयात तिनं तक्रार केली. निर्णय नियमाप्रमाणे आहे, एवढंच उत्तर आलं.

शेवटी एका खाजगी फायनान्सवाल्याकडून तिनं माझ्यापेक्षा कितीतरी चढ्या व्याजानं कर्ज घेतलं आणि वस्तीतच घर बांधलं. खाली आई, वर तिची खोली. वास्तूच्या दिवशी बुद्धवंदना झाली. ती सगळ्यांना जिना चढून वर नेत होती, दमत नव्हती.

हप्ता मात्र दम काढत होता. ओव्हरटाइम करूनही भागेना. हिमाचलमधल्या एका कारखान्यात जास्त पगार मिळत होता, म्हणून ती तिकडे गेली. निघताना म्हणाली, "घर माझंच आहे, ताई. फक्त राहायचं राहिलं."

परवा तिच्या आईला भेटायला गेले. त्या मला वर घेऊन गेल्या. खोलीत नवा पलंग होता, गादीवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. त्या कडेला टेकल्या, प्लास्टिक करकरलं, तशा चटकन उठल्या आणि बसल्याची सुरकुती त्यांनी हातानं सारखी केली.

"काढलं नाहीत का हे?" मी विचारलं.

"तिची गादी आहे," त्या म्हणाल्या. "ती येऊन काढेल."