एक दिवसाआडचा ताप

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला एका खाडीवर माझे यजमान होडी चालवत. आमच्या वाडीतली माणसे त्यांच्या होडीतून पलीकडे बाजाराला आणि शाळेला जात. माझी थोरली मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

पावसाळा सरता सरता यजमानांना ताप येऊ लागला. दुपारी जेवण झाले की हुडहुडी भरायची, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मग अंग भाजून निघायचे आणि दिवेलागणीला घाम फुटून ताप उतरायचा. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तीच थंडी.

"पाळीचो ताप तो," सासूबाई म्हणाल्या. "एक दिस सोडून येतलोच."

मालवणच्या दवाखान्यातून क्विनीन आणले. ते घेतले की कान गुणगुणत, ताप एक-दोन पाळ्या चुकवी आणि परत येई.

तापाच्या दिवशीही थंडी भरायच्या आत एक फेरी मारून यायचा त्यांचा हट्ट असे. अशाच एका फेरीला मी मुलीला घेऊन माहेराहून परतत होते. होडीत एक मासे विकणारी बाई आणि शाळेचे मास्तर होते. मध्यावर आलो आणि यजमान थरथरू लागले. ओहोटी लागली होती. होडी तोंड फिरवून समुद्राकडे सरकू लागली.

मी मुलीला त्या बाईच्या ओटीत दिले आणि पुढे झाले. "वल्हां माका दिया."

ते सोडेनात.

"सोडा. हात थरथरतत तुमचे."

मग सोडले. माझे माहेर मासेमारी करणाऱ्यांचे, वल्हे मला नवे नव्हते. होडी धक्क्याच्या बरीच खाली, चिखलात लागली. मास्तर वहाणा हातात घेऊन उतरले.

त्या संध्याकाळी मी सांगितले, तापाच्या दिवशी होडी मी नेईन.

"बायलमाणूस होडी घेवन गेली तर लोक काय म्हणतले?" सासूबाई म्हणाल्या.

गोधडीतून यजमान बोलले, "लोकांका पलीकडे जावचा आसा. ते बसतले."

पहिल्या दिवशी ती मासेवालीच तेवढी बसली. आठवड्याभरात सगळे बसू लागले. मास्तर मात्र बरेच दिवस यजमानांचा दिवस बघूनच येत.

खरी अडचण मुलीची होती. तिला दोन-तीन तासांनी दूध लागे आणि माझ्या अंगालाही ती वेळ कळे. पलीकडच्या काठावर माणसांची वाट बघत असताना छाती भरून येई, चोळी भिजे. मग मी रिकामी होडी घेऊन परत फिरे. एकदा दोघे गडी मागून ओरडत राहिले. मी मुलीला घरातून आणून धक्क्यावर त्यांच्याकडे पाठ करून पाजले, मगच त्यांना आणायला गेले. ते ओरडणे सासूबाईंनी घरातून ऐकले होते. दुसऱ्या खेपेपासून मुलगी रडायच्या आधीच त्या तिला घेऊन धक्क्यावर येऊन बसू लागल्या. लोक काय म्हणतील, हे पुन्हा त्यांच्या तोंडून आले नाही.

हिवाळ्यात मलेरियाचे सरकारी लोक आले. त्यांनी भिंतींवर औषध फवारले, यजमानांच्या बोटातून रक्त घेतले आणि कडू गोळ्या दिल्या. पुढच्या पाळीला यजमान गोधड्या उशाशी घेऊन पडून राहिले. मी होडी लावून घरी आले तर चटईवर बसलेले.

"इलो नाय," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. पुढच्या पाळीलाही ताप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"आता तुमीच जावा रोज," मी म्हटले.

त्यांनी उशाशी ठेवलेल्या गोधड्यांची घडी घातली. "एक दिस मी, एक दिस तू. माज्या पाठीक बरा वाटता."

मला आनंद झाला, पण तो मी त्यांना दाखवला नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी दिवस भरत येईपर्यंत मी एक दिवसाआड होडी नेत होते.