हळदीच्या गाण्यांची नोंद

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल सरांनी मला नोकरी दिली, ते उपकार मी विसरलेली नाही. लोकगीतांची रेकॉर्डिंग संगणकावर चढवायची आणि प्रत्येकाची नोंद करायची, हे माझं काम. कर्ता, सहभाग, भाषा, विषय असे रकाने ठरलेले. रकान्यात जे लिहू, त्यावरूनच ते गाणं सापडतं.

लग्नघरी हळद दळताना माझी आई गाते. सरांनी आमच्या ओट्यावर बसून तिची काही गाणी रेकॉर्ड केली. आई फुलं विकते, त्या फुलबाजारात तिने सगळ्यांना सांगून ठेवलं, "कॉलेजात माझ्या नावानं माझा आवाज निघणार हाय."

कर्ता म्हणून मी आईचं नाव लिहिलं. सरांनी ते काढलं. "गाणी त्यांनी रचली का? विचार."

आई फोनवर म्हणाली, "नाय गं, सासूबाईंची. त्यांनी त्यांच्या सासूकडून घेतली. हळदीच्या गाण्याला कुणी माझं म्हणतं का?"

"झालं. कर्ता अज्ञात," सर म्हणाले.

"सहभागात गायिका म्हणून तरी, सर?"

"तिथं संकलक आहे." संकलक सर स्वतःच होते.

"तो रकाना दोनदा भरता येतो, सर."

"आता तू मला शिकवणार?"

नाव नाही, हे मी आईला सांगितलं. "तूच चुकली असशील," म्हणाली, आणि बाजार आटोपून दोन मैत्रिणींना घेऊन कॉलेजात आली. सरांनी तिचं नाव टाकून पाहिलं. एकही नोंद नाही.

"काय गं, आवाज द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधी अडकला का काय?" एक मैत्रीण म्हणाली.

"मावशी, तसं नाही सापडायचं," म्हणत सरांनी दुसरं काही टाकलं. आईचा आवाज खोलीभर झाला. तिचा चेहरा फुलला.

"काय लिवलं, सर?"

सरांनी विषयाचा रकाना मोठ्याने वाचला, "निरक्षर स्त्रिया."

"आमची अंगठाबहाद्दर!" मैत्रिणी हसल्या. तोंडाला पदर लावून आईही हसली.

उरलेली गाणी घ्यायला सर पुन्हा घरी आले. आईने चहा दिला. "आता आठवत नाय, सर." पुढे गल्लीतल्या हळदीलाही ती नुसतं जातं ओढत राहिली. बायकांनी शेवटी मोबाईलवर गाणी लावली.

सर म्हणाले, "स्थितीच्या रकान्यात लिही, उर्वरित गाणी लुप्त."

मी लिहिलं. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.