राखेने आखलेलं मैदान

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. लग्नाला चार-पाच महिने झाले असतील, तेव्हा मी स्मशानातली राख घमेलंभर उचलून आणली आणि हुतुतूचं मैदान आखायला दिली. चुकून नाही हं... कळून सवरून. आणि त्या आगाऊपणापायी माझा नवरा भर उन्हात, अख्ख्या गावासमोर जाता जाता राहिला.

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा अजिबात नव्हता. आजही नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगते. घरी एकटी असले की जरा हळू सांगते, एवढंच.

पिंपरीतली गोष्ट. आता संत तुकाराम नगरात नातीच्या बाल्कनीतून बघते तर नुसत्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. मी सांगतेय ती पंचावन्न सालच्या आसपासची पिंपरी – पवनेच्या काठची पन्नाससाठ घरं, ऊस, ज्वारी, आणि पलीकडे माळावर एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम. मी पुण्याच्या पेठेतली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास! हे मी गावात पाऊल ठेवल्यापासून दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे. भाकरी धड थापता येत नव्हती ते वेगळं.

गावाने त्याच वर्षी हुतुतूचा संघ काढला होता. पहिलाच. त्याआधी पोरं वाट्टेल तितकी माणसं घेऊन भांडण होईपर्यंत खेळायची. आता सात गडी, पंच, शिट्टी, सगळं रीतसर. एकसारख्या बनियन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सगळे सारखेच उघडे. कप्तान माझे चुलतदीर सोपानभावजी. आणि दमाचा गडी म्हणजे आमचे हे. एका श्वासात 'हुतुतूतूतू' म्हणत समोरच्या अंगणात शिरायचं, शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा ओलांडून परत यायचं – बाकीच्यांचा दम संपायचा तिथे ह्यांचा रंगात यायचा. गावभर कौतुक. मी तोंडावर पदर घेऊन ऐकायची आणि आतल्या आत फुगायची.

त्या दिवशी खडकीचा संघ येणार होता. बाहेरच्या संघाशी पहिलीच मॅच. रेघा आम्ही राखेनेच आखायचो, गुऱ्हाळाच्या चुलाणातल्या. सोपानभावजी सकाळी दारात आले.

"वैनी, धुणं घिऊन निघालाच हाय तर येताना गुऱ्हाळावरनं घमेलंभर राख आणा की. आमी मैदानावर पानी मारतोय."

गुऱ्हाळ लांब, शिवेवर. नदी जवळ. धुणं आपटून वर चढले तर काठावर दगडांच्या मधे राखेचा ढीग – पांढरीशुभ्र, बारीक. पुण्यात स्मशानाला भिंत असते, फाटक असतं. इथे नुसता काठ. पण बाजूला तिरडीची अर्धी जळलेली कामटी पडली होती. ती मी पायाने बाजूला सारली आणि मनात म्हटलं, राख ती राख. शाळेत सायन्स शिकलोय आपण!

घमेलं भरलं. उन्हात कोमट असायला हवं होतं ते. डोक्यावर घेतलं तर चुंबळीतून गार लागत होतं... आणि मी काय म्हणावं? "बरंय, ऊन लागत नाही."

भावजींनी रेघा आखल्या. "लई बारीक हाय वो. पिठावानी."

"गुऱ्हाळवाल्याने चाळून दिली," मी म्हटलं. फायनल पास.

दुपारी मॅच सुरू झाली. बायका आम्ही कडेला, सोडलेल्या बैलगाड्यांच्या आडोशाला. खडकीचा पहिला गडी दम घेऊन निघाला, मध्यरेषेवर पाय पडला आणि आवाज तुटला. सुरी फिरवावी तसा. पंचांनी बाद दिला, आमची पोरं नाचली. दुसरा आला, तेच. मग आमचे सोपानभावजी गेले, आणि त्यांचंही तेच. परत आले ते दंड चोळत. माझ्यापासून चार हातांवर उभे राहून दुसऱ्या गड्याला म्हणाले, "आरं, तिकडं गारठा हाय."

भर उन्हात.

वारा सुटला होता. मैदानावरची माती भिरभिरत डोळ्यांत जात होती. राखेची रेघ मात्र जागची हलत नव्हती. कुणी आरडाओरडा करेना. जिंकतोय की हरतोय, कुणालाच कळेना. माझे हात बैलगाडीच्या चाकावर होते आणि ते मला सोडवत नव्हते.

मग हे निघाले.

रेघेवर ह्यांचाही आवाज तुटेल म्हणून मी डोळे मिटले. तुटला नाही. 'हुतुतूतूतू' खणखणीत. गावाने एकच गलका केला. मी डोळे उघडले तर हे समोरच्या अंगणाच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून उभे. शिवायला जात नव्हते, परत येत नव्हते. नुसता दम चाललेला.

खडकीच्या पोरांनी साखळी धरली होती. त्यांची तोंडं ह्यांच्याकडे. मी बघत होते – एकाने हात सोडला. मग दुसऱ्याने. सगळे मागे मागे सरकत शेवटच्या रेघेला जाऊन टेकले. एक जण तर मटकन खाली बसला.

"आगं, ह्यो शिवत का न्हाई?" माझ्या सासूबाई पुटपुटल्या.

दम चालूच. कुठल्याही माणसाचा कधीच संपला असता. पंचांनी शिट्टी मारली, पुन्हा मारली. आवाज थांबेना. आणि ह्यांच्या उघड्या पाठीकडे माझं लक्ष गेलं. बरगड्या हलत नव्हत्या. मान काळीनिळी पडत चाललेली, गुडघे वाकत चाललेले... आणि 'हुतुतूतूतू' मात्र तसंच, ताजंतवानं.

माझं शिक्षण तिथेच संपलं.

मी धावले. सासूबाईंनी पदर धरला तो फाटून त्यांच्या हातात राहिला. बोडक्या डोक्याने, पुरुषांच्या मैदानात, मी गुडघ्यांवर पडून ती मधली रेघ दोन्ही हातांनी पुसायला लागले. बर्फासारखी गार. "सोडा त्यांना, सोडा, माझं चुकलं..." असं काहीसं ओरडत होते म्हणे. रेघ मधोमध तुटली आणि आवाज थांबला. हे जागच्या जागी पाठीवर कोसळले. मग एकदम, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा श्वास घेतला.

खडकीची पोरं कपडे काखेत मारून निघून गेली. पाणीसुद्धा प्यायली नाहीत.

"वैनी, राख कुठली?" सोपानभावजींनी विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं, मारतात आता. ते मात्र खाली बसले.

"त्यो बांधकामावरचा मानूस... तापानं गेला त्यो. पुढचं मागचं कुनी नव्हतं, राख सावडायलाबी कुनी आलं न्हाई. आमची प्रॅक्टिस चालली की कडंला उभा ऱ्हायचा. म्हनायचा, दादा, एक डाव घ्या मला. आमी म्हनायचो, तू गावचा न्हाईस."

त्यांनी स्वतः ती राख मातीसकट खरवडून पवनेत सोडली. आणि पुढच्या हंगामापासून आमच्या संघात बांधकामावरची पोरं खेळायला लागली – मराठवाड्याची, कोकणची. का घेतलं, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. संघाचा इतिहास सांगताना आजही लोक म्हणतात, पिंपरीवाले पहिल्यापासून मोठ्या मनाचे. मी मान डोलावते.

आमच्या डॉक्टर नातवाचं म्हणणं, राख छातीत गेली, उष्माघात झाला, आजी. मग गारठा कसला? आणि पाठ हलत नसताना आवाज कसा? तो म्हणतो, भीतीने माणसाला काहीही ऐकू येतं. अख्ख्या गावाला एकदम? त्यावर तो मोबाईल बघायला लागतो.

ह्यांनी हुतुतू सोडला. त्या दुपारबद्दल जन्मभरात एकदाच बोलले. बऱ्याच दिवसांनी, मी भाकरी वाढत असताना, ताटातून मान वर न करता. म्हणाले,

"रेघ वलांडली तवाच माझं त्वांड मिटलं व्हतं गं. मला वाटलं, तुमी समदी म्हनताय."